त्रेसष्ट विहिरींची वही

१४ ऑगस्ट १९७२, सातारा

आज फळ्यावर नावं लागली. आमच्या डिप्लोमाला शेवटच्या परीक्षेआधी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्याला दोनशे गुण. ते पदरात पडले नाहीत तर बाकीचे पेपर कितीही चांगले जावोत, ओव्हरसियर होणं विसरायचं. कुणाला पुण्याचा कारखाना मिळाला, जोतीरामला सांगलीकडं पुलाचं काम मिळालं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं : माण तालुका, विहिरींची पाहणी. जोतीराम म्हणाला, "कुतब्या, आमी पुलावर आन् तू हिरीत. वर यायला इसरू नगंस गड्या." मी हसलो खरा, पण तोंड उतरलं होतं.

संध्याकाळी बर्गे सरांनी घरी बोलावलं. सर आम्हाला सर्व्हे शिकवतात आणि या प्रशिक्षणाचे माझे मार्गदर्शकही तेच. म्हणाले, "दुष्काळ पडलाय. माणमधली कुठली विहीर किती खोल आहे, तळाला किती पाणी उरलंय, हे कागदावर कुणाकडंच नाही. हे काम मी वाटेल त्याला देणार नाही. तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू खोटं लिहीत नाहीस." मी फुगलो, हे इथं कबूल करतो. वहिनींनी आग्रह करून वाढलं. आष्ट्यात आमचं विळे-कोयत्यांना धार लावायचं दुकान. शिकलगाराच्या पोराला कुठल्या प्रोफेसरानं शेजारी पाट मांडून जेवायला बसवल्याचं आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही.

कामाची वही वेगळी आहे, जाड पुठ्ठ्याची. ती सरांना दाखवायची. ही माझी एकट्याची.

२२ ऑगस्ट, दहिवडीच्या पुढची वस्ती

कॉलेजनं दिलेली फीत तीस फुटांची. पहिल्याच विहिरीत ती संपली आणि खाली अजून अंधारच होता. काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग धुळा आबा आले. साठीचे, अंगानं बुटके. त्यांची मेंढरं घेऊन मुलगा चाऱ्यासाठी लांब गेलाय, त्यामुळं ते रिकामे आहेत.

"फीत घाल खिशात," म्हणाले. "हीर परसानं मोजत्यात."

दोराला दगड बांधला, तळाला टेकवला, मग दोर वर ओढत दोन्ही हात फाकवून मोजत गेले. एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक परस. ही विहीर आठ परस. मी विचारलं, "आबा, माणसागणिक हात लहानमोठे असतात की. मग?"

"म्हनून तर ह्या वाड्या-वस्त्यांवर माजंच हात. हिरीची खोदाई ठरवायची आसली तरी मलाच बलीवत्यात. दुसऱ्याचं कोन धरीत न्हाई."

पुस्तकात एक परस म्हणजे सहा फूट असं दिलंय. मी आबांना देवळाच्या भिंतीला हात पसरून उभं केलं आणि फितीनं मोजलं. पाच फूट एक इंच. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, माझं नाव आणि रोल नंबर आहे त्याच्याखाली, ठळक लिहून ठेवलं : एक परस (धुळा आबा) = ५ फूट १ इंच. सगळ्या विहिरींना आबाच येणार आहेत. स्वतःवर खूश झालो. ही गोष्ट पुलावरच्या जोतीरामला सुचली नसती.

११ सप्टेंबर

सरांचं पत्र आलं. आकडे फुटांत करून लिहू का, असं मी विचारलं होतं. सर लिहितात, 'परसातच ठेव, जुनं माप आहे, शोभून दिसतं. फुटांचं काम शेवटी एकत्र बसून करू.' दर आठवड्याच्या तक्त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. मी दोन तक्ते पाठवले होते, ते तसेच परत आले. 'सह्या एकदमच करू, पोस्टात गहाळ व्हायला नकोत.' किती बारीक विचार करतात. आमच्यातल्या बाकीच्यांचे गुरुजी पत्राला उत्तरही देत नाहीत.

२ ऑक्टोबर

काल सर स्वतः आले. गळ्यात कॅमेरा. उन्हात टोपी न घालता सहा विहिरी माझ्याबरोबर पायी हिंडले. वही उलटसुलट पाहिली. मी प्रत्येक पानाच्या खाली बारीक सही करतो, ती बघून हसले. "अरे, पुठ्ठ्यावर नाव आहे ना? पानापानावर कशाला? छपाईला दिलं तर घाण दिसतं." मी म्हटलं, छपाईला? ते म्हणाले, "काम चांगलं झालं तर का नाही?"

मला झोप येणं कठीण आहे. छापलेलं पुस्तक, त्यात माझं काम. अब्बांना नुसतं दाखवलं तरी ते दुकान बंद करून गावभर हिंडतील.

फोटो काढताना मीही आबांच्या शेजारी उभा राहिलो होतो. सर म्हणाले, "तू बाजूला हो. उंचीचा अंदाज यायला एक माणूस पुरे." बरोबरच आहे. शास्त्रीय फोटोत गर्दी नको.

आधीच्या पानांवरच्या सह्या रबरानं खोडून टाकल्या.

१९ ऑक्टोबर

रमजान चालू आहे. रोजा धरून विहिरीत उतरणं जड जातंय. आज पायऱ्या नसलेल्या विहिरीत दोराला धरून उतरलो, तळातला गाळ किती आहे ते बघायला. मध्यावर हात सुटायला आले. वरून आबा ओरडत होते, "खाली बगू नगंस! दगडात पाय घाल, दगडात!" वर आलो तेव्हा मला रडू आलं. आबांनी कुणाला सांगितलं नाही.

सूर्य बुडायच्या वेळी आबांच्या बायकोनं, साळूबाईनं, तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं. वस्तीच्या विहिरीला आता दिवसाकाठी चार-पाच घागरी पाणी सुटतं. बाया पहाटेपासून नंबर लावतात. मला त्या पाण्याला हात लावायची लाज वाटली.

"पी रं," साळूबाई म्हणाली. "तू मोजतूस म्हनून तर सरकार आमची हीर खाली नेनार हाय. व्हय न्हवं?"

ते खरं आहे. उन्हाळ्याच्या आत सुरुंग लावून विहिरी खोल करायची योजना आहे आणि त्याची यादी आमच्या मोजणीवरून होणार, असं सर म्हणाले होते. मी 'व्हय' म्हणालो.

८ नोव्हेंबर

आज ईद. घरी गेलो नाही, अजून एकोणीस विहिरी बाकी आहेत. अम्मीनं पाठवलेला शिरखुर्म्याचा मसाला आबांच्या घरी दिला. दूध नव्हतं. साळूबाईनं तो भाकरीवर भुरभुरला आणि आम्ही तिघांनी खाल्ला.

११ जानेवारी १९७३, सातारा

त्रेसष्ट. काल शेवटची झाली. आज वही सरांच्या हातात दिली. सही न झालेले सगळे तक्तेही दिले. सर म्हणाले, "शाबास. आता आष्ट्याला जा, विश्रांती घे. रिपोर्टचं मी बघतो, मग बोलावतो." एकत्र बसून फुटांत करायचं होतं, त्याची आठवण करून दिली. "बघू ते," म्हणाले. वहिनींनी जाताना लाडू बांधून दिले.

वही हातातून गेली तसं रिकामं रिकामं वाटतंय. वेडेपणा आहे.

२० फेब्रुवारी, आष्टा

सरांचं बोलावणं नाही. दोन पत्रं टाकली. अब्बा रोज विचारतात. आज कोयत्याला धार लावता लावता म्हणाले, "तुजं सर मोठं मानूस हाईत. मोट्या मान्साला कामं लय असत्यात."

१२ मार्च, सातारा

कार्यालयातल्या नोंदवहीत सगळ्या पोरांपुढं गुण भरलेत. जोतीरामला एकशे साठ. माझ्यापुढं 'अपूर्ण'.

धावत सरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे बसवून घेतलं. "साप्ताहिक तक्त्यांवर मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रशिक्षण धरत नाहीत, कुतुब. नियम आहे."

"सर, सही तर तुमचीच राहिली होती."

"मग आता मागच्या तारखा टाकून करू? मला खोटं करायला लावतोस?"

माझी मान खाली गेली. म्हणालो, "नाही सर, तसं नाही, चुकलो." ते म्हणाले, काहीतरी मार्ग काढू. बाहेर आलो तेव्हा वाटलं, एवढ्या चांगल्या माणसाला मी असं कसं बोललो. तक्त्यांवर मीच आग्रह धरून सही करून घ्यायला हवी होती. चूक माझीच आहे.

१९ मार्च

आजचं अक्षर बिघडणार.

वाचनालयात नवीन पुस्तकांच्या फळीवर एक पातळ पुस्तिका. 'माण तालुक्यातील त्रेसष्ट विहिरी : एक अभ्यास.' लेखक, प्रा. बर्गे. पुण्याच्या परिषदेत वाचलेला निबंध. उघडली. माझ्या विहिरी, माझ्याच क्रमानं. चौदाव्या विहिरीला मी लिहिलं होतं, 'काठावर उंबर, पूर्वेचा दगड सुटलेला.' तसंच छापलंय, उंबरासकट. आबांचा फोटो आहे, खाली नाव नाही. शेवटी 'स्थानिक मजुरांचे सहकार्य लाभले' असं एक वाक्य. मी त्या मजुरांत असेन तर असेन.

पानं परत परत उलटली. वाटलं, कुठंतरी बारीक अक्षरात असेल. नव्हतं.

मग आकड्यांकडं लक्ष गेलं. सगळे फुटांत. वस्तीची विहीर, अठ्ठेचाळीस फूट. आठ परस, सहा फुटांनी. पुठ्ठा! माझं नाव होतं म्हणून त्यांनी पुठ्ठा फाडून टाकला असणार, आणि त्याच्याच आत आबांचे हात लिहिलेले होते. आबांच्या परसानं ती विहीर चाळीस फूट आठ इंच आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट चुकल्यात. मी वाचनालयात एकटाच मोठ्यानं हसलो. ग्रंथपालांनी बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर हसू गेलं. पाच महिने. या माणसाला मी मनात अब्बांच्या बरोबरीनं बसवलं होतं. मागच्या आठवड्यात तर माफी मागून आलो.

२३ मार्च, दहिवडी

राहवलं नाही, एसटीनं आलो. विहिरी खोल करायच्या यादीत वस्तीची विहीर नाही. पंचेचाळीस फुटांच्या वरच्या विहिरींना यंदा सुरुंग नाही, आधी कमी खोलीच्या, असं ठरलंय. आठ परसाच्या सतरा विहिरी अशा गळाल्या. इथल्या कचेरीतले ओव्हरसियर लालासाहेब माझ्या ओळखीचे, मोजणीच्या दिवसांत चहा पाजायचे. त्यांना आकडे सांगितले.

"आरं, हे प्रोफेसरांचं छापील पुस्तक हाय. तुज्या तोंडच्या बोलण्यावर यादी बदलू व्हय? तुजी वही दाव."

वही कुठली दाखवू?

वस्तीवर गेलो नाही. देवळापाशी साळूबाई घागर घेऊन उभी दिसली, तिला चुकवून मागच्या वाटेनं स्टँडवर आलो.

२६ मार्च, सातारा

सरांच्या घरी गेलो. वाटेत किती काय काय ठरवलं होतं. त्यांनीच दार उघडलं, पाणी दिलं. मी पुस्तिका पुढं टाकली.

ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "मार्गदर्शन माझं, आखणी माझी. विद्यार्थी मोजतो, लिहितो तो अभ्यास करणारा. सगळीकडं असंच असतं. तू अजून लहान आहेस."

"आकडे चुकलेत सर. सगळे."

आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. मी परसाचं सांगितलं, पण आबांचं माप सांगितलं नाही. ते पुढं सरकले. "किती होतं माप?"

"पुठ्ठा फाडला तेव्हा वाचायचं होतं."

आत वहिनींच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग सर हळू आवाजात म्हणाले, "मला आकडा दे. मी शुद्धिपत्रक पाठवतो, यादी दुरुस्त होईल. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत तुझं प्रशिक्षण मंजूर करून घेतो. गुण दीडशेच्या खाली येणार नाहीत. फक्त तू कुठं बोलायचं नाही."

मी आकडा दिला. सतरा विहिरींसाठी दिला असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. निम्मा त्यांच्यासाठी दिला आणि निम्मा दीडशेसाठी.

२८ एप्रिल

यादी दुरुस्त झाली. सतराही विहिरी आल्या. कॉलेजच्या सूचनाफलकावर कचेरीचं पत्र लावलंय : प्रा. बर्गे यांनी आपल्या अभ्यासातील त्रुटी स्वतःहून व तत्परतेने निदर्शनास आणल्याबद्दल आभार. प्राचार्यांनी प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्यानं कोपर मारलं म्हणून मीही वाजवल्या.

माझ्या प्रशिक्षणाची बैठक व्हायची आहे. सर म्हणतात, धीर धर.

९ मे, वस्ती

वस्तीच्या विहिरीवर सुरुंगाचं काम सुरू झालं. सर आले होते, नारळ त्यांच्या हस्ते. साळूबाईनं त्यांना ओवाळलं. मी लोकांच्या मागं उभा होतो.

पांगापांग झाल्यावर आबा माझ्याजवळ आले. "हात माजं, पाय तुजं. आन् नारळ फोडला त्येंनी. तू बोलला का न्हाईस?"

मी काय सांगू? म्हणालो, "तुमची विहीर झाली ना आबा, मग झालं."

"हिरीचं न्हाई इचारत मी."

त्यांनी तंबाखूची चंची काढली, मला न विचारता स्वतःपुरती मळली आणि उठून गेले. आजवर असं कधी केलं नव्हतं.

३० मे, आष्टा

कार्यालयाचं कार्ड आलं. बैठकीत माझा विषय निघालाच नाही. गुणांच्या रकान्यात आता 'अपूर्ण'ही नाही, 'गैरहजर' आहे. त्रेसष्ट विहिरींत उतरलो आणि गैरहजर.

अब्बांनी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "काय म्हन्त्यात?"

"निकाल बाकी आहे म्हणतात."

अब्बांशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. सरांचा फार राग येतोय, आणि त्या रागातसुद्धा मधेच वाटतं, त्यांनी प्रयत्न केलाही असेल. हे वाटतं त्याचा जास्त राग येतो.

१८ जून, सातारा

प्रशिक्षण पुन्हा करायचं, सहा महिने, आटपाडीला रस्त्याच्या कामावर. शेवटची परीक्षा एक वर्ष पुढं गेली. अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक बदलून मिळत नाही, विचारून आलो.

सर खोलीत एकटेच होते. म्हणाले, "ये. घरी येत नाहीस आताशा? ही विचारत होती." अर्ज त्यांनी आधीच भरून ठेवला होता, सहीसुद्धा केली होती, आजच्या तारखेची. या वेळी लगेच.

वाचला. 'यापूर्वी केलेले प्रशिक्षण' या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : निरंक.

"सर, हे असं कसं?"

"तुझ्याच भल्यासाठी. आधीचं दाखवलं तर गैरहजर दाखवावं लागतं. उद्या नोकरीला जाशील तिथं विचारतील, का गैरहजर? त्यापेक्षा काही केलंच नव्हतं हे बरं. मीही सुटलो, तूही सुटलास." पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. "खाली विद्यार्थ्याची सही. वरील माहिती खरी आहे."

सही केली नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर डिप्लोमा नाही. अब्बांचे डोळे अधू होत चाललेत, धार बोटानं बघतात आता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं.

वही त्यांनी घेतली तेव्हा मला काही कळत नव्हतं. आकडा दिला तेव्हा अर्धवट कळत होतं. आज सगळं कळत होतं. मी पेन घेतलं आणि सही केली, नेहमीसारखी, चांगल्या अक्षरात.

"तारीख राहिली," सर म्हणाले. मी तारीख घातली.